सोन्याच्या खाणीतले सायनाइडचे पाणी निर्विष कसे करतात

पावसाने ताण दिला आणि ज्वारी गुडघ्याच्या आतच सुकू लागली, की मराठवाड्यातला शेतकरी आपली जनावरे त्या रानाकडे फिरकू देत नाही. कापणीनंतर बुडख्यांना फुटलेले कोवळे पोंगे दिसायला हिरवेगार असतात, पण त्यांत पोटभर तोंड घातलेले जनावर थोड्याच वेळात झोकांड्या खाऊ लागते. त्याला किराळ लागली, असे आपण म्हणतो. लातूर जिल्ह्यातल्या आमच्या गावी, माझ्या लहानपणी, आमच्याच एका कालवडीला किराळ लागली होती. ती धापा टाकत होती, तोंडाला फेस आला होता, आणि श्वास कोंडलेल्या जनावराच्या हिरड्या निळसर पडायला हव्यात तर त्या उलट लालभडक झाल्या होत्या. गुरांच्या डॉक्टरांनी मानेच्या शिरेत एकामागून एक दोन औषधे दिली आणि तासाभरात कालवड आपल्या पायांवर उभी राहिली. पुढे मी रसायनशास्त्र शिकवू लागलो तेव्हा त्या लाल हिरड्यांचा अर्थ कळला, आणि सोन्याच्या खाणीतून बाहेर पडणारे विषारी पाणी ज्या उपायांनी निर्विष करतात, ते उपाय त्या दोन औषधांचेच थोरले भाऊ आहेत, हेही लक्षात आले.

किराळ म्हणजे सायनाइडची विषबाधा. ज्वारीच्या कोवळ्या पानात धुरीन नावाचे द्रव्य असते आणि पान चावले, चिरडले की त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटते. विद्यार्थ्यांना ते दाखवण्याची एक जुनी, साधी रीत आहे. कोवळी पाने कुस्करून परीक्षानळीत घालायची, वर क्लोरोफॉर्मचे दोन-तीन थेंब टाकायचे आणि सोडियम पिक्रेटच्या द्रावणात बुडवलेली टिपकागदाची पिवळी पट्टी पानांना न लागता नळीत लोंबेल अशी बुचात अडकवायची. नळी कोमट पाण्यात धरली की काही मिनिटांत पिवळी पट्टी आधी नारिंगी आणि मग विटेसारखी लाल होते. पट्टीला पान लागलेले नसते, पाणीही लागलेले नसते; विष हवेतून वर चढलेले असते. सायनाइड हवेत निसटते, ही गोष्ट येथे लक्षात ठेवावी, कारण पुढचा बराचसा विषय तिच्याभोवती फिरतो.

सायनाइड म्हणजे कार्बनचा एक अणू आणि नायट्रोजनचा एक अणू यांची जोडी. या जोडीला धातूंची विलक्षण ओढ असते. आपल्या पेशींत प्राणवायू वापरणारे जे विकर (एन्झाइम) आहे, त्याच्या गाभ्यात लोह असते. सायनाइड त्या लोहाला जाऊन चिकटते आणि पेशीला प्राणवायू वापरताच येत नाही. रक्तात प्राणवायू भरपूर, पण तो कोणी उचलत नाही, म्हणून शिरांतले रक्तसुद्धा लाल राहते. कालवडीच्या हिरड्या लाल होत्या त्या यामुळे. धातूंच्या याच ओढीमुळे सायनाइड सोन्यालाही विरघळवते. एरवी सोने पाण्याला, हवेला किंवा साध्या आम्लाला दाद देत नाही, पण सायनाइडचे अगदी पातळ द्रावण आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की सोन्याचा कण हळूहळू पाण्यात उतरतो. ग्लासगो येथील जॉन स्ट्युअर्ट मॅकआर्थर आणि रॉबर्ट व विल्यम फॉरेस्ट या बंधूंनी १८८७ साली या गुणावर आधारित पद्धतीचे पेटंट घेतले आणि तेव्हापासून जगातले बहुतेक खाणसोने याच वाटेने येते.

मराठवाड्याच्या काळ्या पाषाणात सोने नाही, तरी हा विषय आपल्याला अगदी परका नाही. कर्नाटकातल्या रायचूर जिल्ह्यातली हट्टी ही सोन्याची खाण १९५६ पर्यंत आपल्याच हैदराबाद राज्याच्या मुलखात होती आणि १९४७ साली तिथली कंपनी सुरू झाली तीही हैदराबाद गोल्ड माइन्स या नावाने. त्या भागात सोन्याचा शोध फार जुना आहे. मस्की येथील अशोकाचा प्रसिद्ध शिलालेख १९१५ साली सापडला तो सोने शोधत फिरणाऱ्या एका खाण-अभियंत्यालाच. कोलारच्या खाणी २००१ साली बंद झाल्या, हट्टीची चालू आहे.

खाणीत घडते ते असे. एक टन खडकात सोने असते साधारण दोन-चार ग्रॅम. तो खडक पिठासारखा दळतात, त्यात पाणी घालून पातळ लगदा करतात आणि मोठ्या टाक्यांमध्ये सायनाइड घालून तो लगदा दिवस-दिवस ढवळत ठेवतात, त्यातून हवा सोडत राहतात. द्रावणात उतरलेले सोने नारळाच्या करवंटीपासून बनवलेल्या सक्रिय कोळशावर धरून बाहेर काढतात. मागे उरते ते दळलेला खडक आणि सायनाइडचे पाणी यांचे मिश्रण. हिशेब केला तर दहा ग्रॅमच्या एका तोळ्यासाठी चारेक टन खडक आणि चार-पाच हजार लिटर पाणी, म्हणजे आपल्या गावात येणारा टँकर निम्मा, या विषातून फिरून येतो. त्या पाण्यात दर लिटरला शंभर ते काहीशे मिलिग्रॅम सायनाइड असू शकते. भारतातल्या नियमांप्रमाणे नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यात लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम आणि पिण्याच्या पाण्यात ०.०५ मिलिग्रॅम एवढेच सायनाइड चालते. मासे तर माणसापेक्षाही नाजूक आहेत. मोकळे सायनाइड लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास गेले तरी बऱ्याच जातींचे मासे मरतात. म्हणजे हे विष किमान हजार पटींनी खाली आणावे लागते.

येथे एक गोष्ट मला आवर्जून सांगावीशी वाटते, कारण बातम्यांमध्ये ती बहुधा निसटते. पारा, शिसे, अर्सेनिक ही मूलद्रव्ये आहेत. त्यांना गाळता येते, बांधता येते, एका जागेवरून दुसऱ्या जागी नेता येते, पण मोडता येत नाही. सायनाइड हा जोड आहे आणि जोड तुटतो. तुटला की कार्बन आणि नायट्रोजन उरतात, जे हवेत, पाण्यात, शेणखतात सगळीकडे आहेत. म्हणून सायनाइडचे पाणी खरोखर निर्विष करता येते, आणि ज्या विषाला असा उपाय आहे त्याने एखादी नदी मेली तर तो दोष रसायनाच्या माथी मारून सुटका होत नाही.

मात्र 'पाण्यात सायनाइड किती' हा प्रश्न अर्धवट आहे. ते कशाला बांधलेले आहे, हेही विचारावे लागते. काही सायनाइड मोकळे असते आणि सर्वांत घातक तेच. काही तांबे, जस्त, निकेल अशा धातूंना सुरगाठीने बांधलेले असते. पाणी थोडे आम्लधर्मी झाले की गाठ सुटते आणि ते मोकळे होते. काही लोहाला निरगाठीने बांधलेले असते आणि ही गाठ सहसा सुटत नाही. इतकी पक्की, की मिठाचे खडे होऊ नयेत म्हणून लोह-सायनाइडचे एक संयुग मिठात अत्यल्प प्रमाणात घालण्यास परवानगी आहे. मिठाच्या पिशवीवर ५३६ हा आकडा दिसला तर तो त्याचाच. पण उघड्या तळ्यातल्या पाण्यावर कडक ऊन पडत राहिले, तर सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी ही निरगाठही सैल होते आणि मोकळे सायनाइड बाहेर पडते. म्हणून खाणीत तिन्हींचा हिशेब ठेवतात: मोकळे, सुरगाठीचे धरून, आणि एकूण.

आता कालवडीच्या औषधांकडे वळू. पहिले होते सोडियम नायट्राइट. ते रक्तातल्या काही हिमोग्लोबिनचे रूप असे बदलते की त्यातले लोह सायनाइडला अधिक जवळचे वाटते. पेशीला चिकटलेले विष तिथून सुटून या लोहाकडे येते. दुसरे होते सोडियम थायोसल्फेट, जुन्या फोटो स्टुडिओत ज्याला हायपो म्हणत तेच. त्यातले गंधक सायनाइडला जोडले जाऊन थायोसायनेट नावाचे कितीतरी सौम्य द्रव्य तयार होते आणि ते लघवीवाटे बाहेर पडते. म्हणजे सायनाइडला लोह द्या किंवा गंधक द्या. खाणीच्या कारखान्यात या दोहोंच्या जोडीला तिसरा उपाय असतो तो प्राणवायूचा, आणि मोठे काम त्याच्याकडूनच होते.

सायनाइडच्या जोडीला प्राणवायूचा एक अणू चिकटवला की सायनेट बनते. नावात जेमतेम फरक, पण विषारीपणात फरक हजारएक पटींचा. सायनेट पुढे पाण्याशी हळूहळू क्रिया करून अमोनिया आणि कार्बोनेट यांत मोडते. प्राणवायू चिकटवण्याच्या रीती अनेक आहेत. सर्वांत जुनी क्लोरीनची. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल पावडर हे तिचे घरगुती रूप समजावे. ही रीत काम झपाट्याने करते, पण तिच्यात एक मोठा धोका आहे. पहिल्या टप्प्यात सायनोजन क्लोराइड नावाचा विषारी वायू तयार होतो आणि पाणी चुन्याने पुरेसे अल्कधर्मी, म्हणजे सामू (पीएच) १० च्या वर, ठेवले तरच तो जागच्या जागी मोडतो. चुना कमी पडला, तर पाण्यातले विष काढता काढता ते कामगाराच्या नाकात जाते. शिवाय क्लोरीन आधी थायोसायनेट खात सुटतो, खर्च वाढतो, आणि लोहाची निरगाठ त्याला सुटत नाही. त्यामुळे सोन्याच्या खाणींत ही रीत मागे पडली. धातूच्या सुट्या भागांवर सायनाइडच्या द्रावणातून मुलामा देणाऱ्या कारखान्यांत मात्र अजूनही तिचाच आधार घेतात. वाळूज-चिकलठाण्याच्या बाजूला वाहनांच्या भागांचे एवढे मोठे काम चालते, म्हणून तिथल्या तरुण तंत्रज्ञांनी ही चुन्याची अट मनावर घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

खाणींत आज सर्वाधिक चालते ती कॅनडातल्या इन्को या निकेल कंपनीने १९८० च्या दशकात आणलेली रीत. टाकीतल्या लगद्यात खालून हवा सोडतात आणि तिच्यासोबत सल्फर डायऑक्साइड वायू किंवा त्याऐवजी सोडियम मेटाबायसल्फाइटची पूड देतात. सल्फर डायऑक्साइड एकट्याने प्राणवायू देणारा नाही, पण हवेतला प्राणवायू आणि तो यांची जोडी मिळून सायनाइडचे सायनेट करते. मात्र त्यासाठी पाण्यात थोडे तांबे विरघळलेले लागते, जसे दूध विरजायला चमचाभर दही लागते. खडकातून आलेले तांबे पुरले तर ठीक, नाही तर मोरचूद घालतात. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणासाठी आणतो तेच हे मोरचूद. एक ग्रॅम सायनाइडला कागदावर सुमारे २.५ ग्रॅम सल्फर डायऑक्साइड लागतो, प्रत्यक्षात तीन ते पाच ग्रॅमही लागतो. क्रियेत आम्ल तयार होते म्हणून चुना घालत राहून सामू ८ ते ९ च्या दरम्यान ठेवावा लागतो. मोकळे सायनाइड आणि सुरगाठीचे सायनाइड तासा-दोन तासांत मोडते. सुटलेले तांबे, जस्त, निकेल चुन्याबरोबर खाली बसतात. लोहाची निरगाठ मोडत नाही, पण तांबे किंवा जस्त तिच्याशी जोडले जाऊन न विरघळणारा साका होतो आणि तो गाळाबरोबर राहतो. गढूळ लगद्यातही ही रीत चालते, हा तिचा मोठा गुण आहे.

पाणी निवळलेले असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइड अधिक सोयीचे पडते, कारण काम झाल्यावर त्याचे पाणी आणि प्राणवायूच उरतात; महाग असले तरी ते स्वच्छ आहे. लोहाचा उपायही आहेच. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, घातले की मोकळे सायनाइड लोहाला बांधले जाते आणि शेवटी प्रशियन ब्लू नावाचा गडद निळा साका खाली बसतो. सायनाइड हे नावच निळ्या रंगासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आले आहे. पण या उपायाने विष मोडत नाही, नुसते कोंडले जाते, आणि उन्हातली गोष्ट वर आलीच आहे. म्हणून हिराकस हा सांडलेल्या पाण्यावरचा तातडीचा उपाय समजावा, रोजचा नव्हे.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती जिवाणूंची रीत. अमेरिकेतल्या साउथ डाकोटा राज्यातील होमस्टेक खाणीने १९८४ मध्ये ती मोठ्या प्रमाणावर उभी केली. अर्धी पाण्यात, अर्धी हवेत अशी सावकाश फिरणारी मोठमोठी चक्रे आणि त्यांवर वाढलेली जिवाणूंची बुळबुळीत साय. हे जिवाणू सायनाइड आणि थायोसायनेट खातात, त्यातला कार्बन आणि नायट्रोजन स्वतःसाठी वापरतात आणि अमोनिया सोडतात. पुढच्या चक्रांवरचे दुसरे जिवाणू त्या अमोनियाचे नायट्रेट करतात. जे विष आपल्या पेशीचा श्वास कोंडते, त्यावर दुसरा एक जीव पोट भरतो. त्यांची भूक बेताची असते, थंडीत ती मंदावते आणि एकदम विषाचा लोंढा आला तर तेही मरतात, म्हणून पाणी आधी साठवून, सारखे करून मग त्यांच्याकडे पाठवावे लागते. तरीही खाणीखालच्या व्हाइटवुड नाल्यात मासे परत आले ते या चक्रांमुळे.

काही विष निसर्गही मोडतो. वाळलेला कडबा जनावरांना बाधत नाही, कारण वाळताना सायनाइड उडून जाते; खाणीच्या तळ्यातही तेच घडते. हायड्रोजन सायनाइड २६ अंशांनाच उकळते. सोने विरघळवताना ते उडून जाऊ नये आणि कामगारांना बाधू नये म्हणून चुना घालून सामू १० च्या वर राखलेला असतो. तळ्यात पाऊस आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड मिसळून सामू ८ वर आला, की मोकळ्या सायनाइडपैकी ९० टक्क्यांहून अधिक भाग या उडणाऱ्या रूपात जातो आणि ऊन-वारा तो घेऊन जातात. कित्येक जुन्या खाणी एवढ्यावरच विसंबून असत. पण हे काम ऋतूवर अवलंबून असते, थंडीत रेंगाळते, आणि तोवर तळ्यावर उतरलेली पाखरे मरतात. म्हणूनच सायनाइड हाताळणीच्या आंतरराष्ट्रीय संहितेत पाखरांना खुल्या असलेल्या तळ्यासाठी लिटरमागे ५० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे, आणि ती सुरगाठीचे सायनाइड धरून मोजतात.

ही संहिता घडली ती एका मोठ्या अपघातानंतर. ३० जानेवारी २००० च्या रात्री रुमानियातल्या बाया मारे शहराजवळ सोन्याच्या गाळाच्या तळ्याचा बांध फुटला. वितळलेला बर्फ आणि पाऊस यांनी तळे तुडुंब भरले होते, बांध तेवढा उंच झालेला नव्हता, आणि जास्तीचे पाणी सोडायला सुरक्षित जागा ठेवलेली नव्हती. सुमारे एक लाख घनमीटर, म्हणजे दहा कोटी लिटर सायनाइडचे पाणी वाहून गेले. २०१६ च्या दुष्काळात लातूरला पाणी घेऊन येणारी पन्नास डब्यांची गाडी आपण पाहिली आहे. तिच्यात पंचवीस लाख लिटर मावत. अशा चाळीस गाड्या विष एका रात्रीत नदीत गेले. सोमेश नदीतून ते तिसा नदीत आणि पुढे डॅन्यूबमध्ये पोहोचले. एकट्या हंगेरीने मेलेल्या माशांचा अंदाज बाराशे टनांहून अधिक सांगितला. तिथे सायनाइड मोडण्याचे रसायनशास्त्र अपुरे पडले नाही. पाणी तळ्यात येण्याआधी त्यातले सायनाइड मोडलेच नव्हते आणि पावसाचा हिशेब चुकला होता. युरोपीय संघाने पुढे नियम केला तो नेमका येथेच बोट ठेवणारा: तळ्यात पडणाऱ्या लगद्यातच सायनाइड टप्प्याटप्प्याने कमी करत २०१८ पासून दहा लाख भागांत १० भागांच्या आत आणायचे. बांध फुटला तरी वाहणारे पाणी विष नसावे, हा त्यामागचा विचार मला फार शहाणपणाचा वाटतो.

अशा तळ्याची रचना आपल्याला चटकन समजेल, कारण ते प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यासारखेच असते, फक्त कितीतरी मोठे आणि जाड कागदाचे. कागद कुठे फाटला तर कळावे म्हणून खाली पाझर गोळा करण्याची सोय करतात आणि भोवती निरीक्षणासाठी बोअर घेतात. वरचे पाणी पंपाने पुन्हा कारखान्यात नेतात, म्हणजे नवे पाणी कमी लागते आणि उरलेले सायनाइडही पुन्हा कामी येते. वर्षभर कोरडे राहून दोन दिवसांत धो-धो कोसळणाऱ्या पावसासाठी तळ्याचा वरचा काही भाग नेहमी रिकामा ठेवावा लागतो. मराठवाड्यात ज्याने पावसाचा असा लहरीपणा पाहिला आहे, त्याला या रिकाम्या जागेची किंमत सांगायला नको.

सायनाइड मोडल्यावरही काही गोष्टी उरतात आणि त्या झाकून ठेवू नयेत. अमोनिया स्वतः माशांना बाधतो. नायट्रेट गेले तर पाण्यात शेवाळ आणि जलपर्णी माजते. थायोसायनेट इन्कोच्या रीतीने फारसे मोडत नाही. अर्सेनिकसारखी खडकातली मूलद्रव्ये तर सायनाइडबरोबर जातच नाहीत, त्यांना वेगळा उपाय करावा लागतो. कोलारमध्ये खाण बंद होऊन इतकी वर्षे झाली तरी गाळाचे ढिगारे उभे आहेत. लोक अजून त्यांना सायनाइडचे डोंगर म्हणतात. पण आज तिथल्या वस्तीला रोज छळते ती वाऱ्यावर उडणारी बारीक धूळ.

आपल्यासमोर कधी अशा पाण्याचा अहवाल आला, तर आकड्याच्या आधी नमुना कसा घेतला ते विचारावे. सायनाइडचा नमुना घेताना बाटलीत सोडियम हायड्रॉक्साइड घालून सामू १२ च्या आसपास नेतात, म्हणजे वायू निसटत नाही. बाटली गडद रंगाची घेतात, म्हणजे उजेडात लोहाची निरगाठ सुटत नाही. पाण्यात क्लोरीन उरला असेल तर तो आधी मारतात, नाही तर वाटेतच तो सायनाइड खातो. मग बर्फात ठेवून चौदा दिवसांच्या आत तपासणी करतात. साध्या पाण्याच्या बाटलीत भरून, मे महिन्यात जीपच्या डिकीत दिवसभर फिरवून प्रयोगशाळेत पोहोचवलेल्या नमुन्यात सायनाइड नदीपेक्षा कमीच निघेल, कारण उरलेले झाकण उघडताक्षणी हवेत गेलेले असेल, परीक्षानळीतल्या त्या पिवळ्या पट्टीकडे चढत गेले तसेच.